पेनानं लिवा, गुरुजी

दादा, परवा आपल्याकडे शिरगणतीवाल्या बाई आल्या होत्या. आपल्याकडे म्हणजे अमरावतीच्या घरी. हे घर तुम्ही पाहिलेलं नाही. तरुण शिक्षिका, गळ्यात ओळखपत्र, हातात फक्त मोबाईल. कागद नाही, पेन्सिल नाही. त्यांना खुर्ची दिली आणि मनात आलं, आता यांच्या हातात पेन कसं द्यायचं?

अकोटचं घर. मी चौथीत आहे. माझेच गुरुजी शिरगणतीला आलेत. बाजेवर बसलेत, मांडीवर मोठा कागद, हातात पेन्सिल. आईने चहा दिला. तो त्यांनी पूर्ण घेतला, चांगला झालाय म्हणाले. चांगला माणूस होता. तुम्ही नुकतेच जिनिंगमधून आलेले, भुवयांवर कापसाचे तंतू. बसला नाहीत.

"गुरुजी, धर्म काय लिवला?"

"लिहिला हो. तेच ते."

"तेच ते म्हंजे काय?"

"अहो, कायदा तुम्हाला अन् हिंदूंना एकातच धरतो. लग्नाचा कायदा एक, वारसाचा एक. मग एवढं काय त्यात?"

"कायदा धरते तं धरू द्या. मी कुठी धरलं? मी सांगतो ते लिवा. अन् पेनानं लिवा, गुरुजी. पेन्सिल पुसते."

खिशातलं पेन तुम्ही पुढे केलंत. मग कागद उचलून तुमच्या पोरासमोर, माझ्यासमोर धरलात. "वाच." माझ्या गुरुजींचं अक्षर मी त्यांच्याच देखत, तपासल्यासारखं वाचलं. बौद्ध. पेन्सिलीने, स्वच्छ, आधीच लिहिलेलं. ते गंमत करत होते की समजावत होते, मला अजून ठरवता येत नाही. त्यांनी तोच शब्द तुमच्या पेनाने गिरवला. निघताना म्हणाले, "माझ्यावर भरोसा नाही तुमचा?" तुम्ही म्हणालात, "तुमच्यावर हाये. कागदावर नाही." त्यानंतर वर्षभर त्यांनी मला धडा वाचायला उठवलं नाही. मला वाचायला आवडायचं. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही भाकर मोडत होता. "त्यायनं एकदा लिवलं," एवढंच म्हणालात. "उद्याचं कोण सांगते?"

जिनिंगमध्ये तुमचं काम गाड्यांवरचा कापूस पाहण्याचं. वरचा थर नेहमी पांढरा, कोरडा. तुम्ही हात कोपरापर्यंत आत घालायचात आणि मधला कापूस ओढून काढायचात. वजन वाढवायला पाणी मारलेलं असलं तर तिथे कळायचं. एकदा मला जवळ उभं करून म्हणालात, "वरून सारंच कोरडं असते." माणसांच्या बाबतीतही तुम्ही हेच केलंत. पुढे पोस्टातल्या जागा निघाल्या. केंद्राची नोकरी. तिथे त्या काळी बौद्धांना सवलत नव्हती; जुना धर्म आणि जुनी जात सांगणाऱ्यालाच होती. गल्लीतल्या दोघांनी तसं सांगितलं आणि ते लागले. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही म्हणालात, "ते देतेत काहून? आपण परत आलो असं लिहून घ्यासाठी." मला वाटायचं, दिल्लीत बसून कोणी अकोटच्या एका पोराचा एवढा विचार करत नसेल. काही वर्षांनी कायदा बदलला. तोवर मी इथल्या कॉलेजात मराठी शिकवू लागलो होतो आणि तुम्ही गेला होता. तुमचा संशय खरा होता की नाही हे सांगायला तुम्ही नव्हता. तो माझ्याकडे मात्र राहिला.

तुमच्या नातवाने दोन वर्षांपूर्वी लग्न केलं. मुलगी वरूडची, संत्र्याच्या बागा असलेल्या हिंदू घरातली. नोंदणी कार्यालयातला माणूस हसून म्हणाला, तुमचं सोपं आहे, दोघं एकाच कायद्यात बसता, कोणाला काही बदलायला नको. तेच ते. सगळे खूश झाले. मी सही केली आणि बाहेर येऊन उभा राहिलो. जे इतकं सोपं होतं, ते कोणासाठी सोपं केलेलं असतं?

ती चांगली आहे. तिथूनच माझा संशय सुरू होतो. पौर्णिमेला पांढरी साडी नेसून आमच्याबरोबर विहारात येते, हात जोडते. वंदना चालू असताना तिचे ओठ हलतात की नाही, हे मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहतो. हलतात. तिला सगळी पाठ आहे. मग वाटतं, इतक्या लवकर पाठ का केली असेल? चतुर्थीला तिने सगळ्यांसाठी भगर केली. मी पोटाचं निमित्त सांगून खाल्ली नाही. तिने माझ्यासाठी पोळी टाकली. तिच्या वडिलांनी संत्र्यांची पेटी पाठवली. वर मोठी, चकचकीत फळं. घरात कोणी नाही असं पाहून मी पेटी जमिनीवर पालथी केली. खालचीही तशीच होती.

तर परवा. मुलगा कामावर गेलेला. सून स्वयंपाकघरात नातीला भरवत होती. नात वर्षाची व्हायची आहे. बाई एकेकाचं विचारत होत्या. धर्म आला तेव्हा मी म्हणालो, "बौद्ध. सगळ्यांचं तेच लिहा." आवाज तुमच्यासारखा निघाला असावा. मला बरं वाटलं.

आतून आवाज आला. "मामाजी, माहं मी सांगतो."

नातीला कडेवर घेऊन ती दारात आली. पोरीच्या हनुवटीला वरण लागलेलं.

"माहं हिंदू लिवा, मॅडम."

बाई माझ्याकडे पाहू लागल्या. "घरात एकच टाकलं तर सोपं पडतं. नाहीतरी कायद्याने..."

"कायद्याचं असू द्या. मले काहीच बदलाले लागत नाही म्हणूनच तं लग्न झालं ना? मग आता काहून बदलू?" मग माझ्याकडे वळून, "राग नका मानू, मामाजी. विहारात मी मनानं येतो. पण न विचारता लिहून घेतलेलं चालत नाही मले."

मी म्हणालो, "ठीक आहे."

बाईंनी बोटाने काहीतरी दाबलं. सून म्हणाली, "दाखवा बरं." त्यांनी मोबाईल वळवला. तिने वाकून वाचलं, ओठ हलवत, एकेक अक्षर. दादा, ती तुम्हाला कधी भेटलेली नाही. त्या दिवसाची गोष्ट मी या घरात कोणाला सांगितलेली नाही. माझ्यासमोर मोबाईल धरून "वाच" म्हणणारं कोणी नव्हतं. माझ्या नावापुढे काय पडलं, तेही मी पाहिलं नाही. आयुष्यभर शब्द तपासले आणि तिथे बसून राहिलो.

"आणि बाळाचं?" बाईंनी विचारलं.

मी तोंड उघडलं होतं. तुम्ही, तुमचं पेन, गेलेली पोस्टातली नोकरी, सगळं त्या एका शब्दात होतं. आणि तो शब्द माझा नव्हता. सुनेने पोरीची हनुवटी पदराने पुसली. "तिचा बाप संध्याकाळी येते. आमी दोघं मिळून सांगू. तुमी उद्या याल काय?" बाई कुरकुरल्या, पण हो म्हणाल्या. दार लावताना सून हसून मला म्हणाली, "मास्तरीण घाईत होती, मामाजी. घाईत काही बी लिवतेत."

काल बाई आल्या तेव्हा मी घरात होतो. मुलगा थांबला होता. तिघं पुढच्या खोलीत बोलत होती. मला उठून जाता आलं असतं. मी वर्तमानपत्र उघडून बसलो, आणि कान तिकडे होते हे तुमच्यापासून लपवून काय करू? ऐकू आलं नाही. नात मध्येच रडली. नंतर सून चहा घेऊन आली, माझ्यासमोर उभी राहिली, थोडा वेळ. ती वाट पाहत होती, मी विचारीन म्हणून. मी साखर बरोबर आहे म्हणालो.

अजून विचारलेलं नाही. तुम्ही विचारलं असतंत, पेनही काढलं असतंत. मी भरोसा ठेवला, असं तुम्हाला लिहिणार होतो. पण तसं नाही. हात आत घालायची मला भीती वाटते.