रविवारचं रंगीत पान

हार्लन, ओहायो
सोमवार, ११ ऑक्टोबर १९५४

प्रिय कोरिन,

तुझं पाकीट गेल्या बुधवारी मिळालं. तू खुशाल आहेस हे वाचून बरं वाटलं. मीही ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो माझ्याशी लग्न लागल्यासारखा रोजच कुरकुरतो, त्यामुळे मी मनावर घेत नाही. थंडी पडायला लागली आहे. सफरचंदाचा मुरंबा करून झाला. हात जुन्या सवयीने चालला आणि बरण्या नको तेवढ्या भरल्या. आता एवढा खाणार कोण?

सोबत आपल्या चित्रमालिकेची गेल्या आठवड्याची कात्रणं आहेत, सोमवार ते शनिवार. मंगळवारच्या कात्रणावर चरबीचा डाग दिसेल. तो ओटोचा. त्याच्या मांसाच्या दुकानात मी पेपर उघडला आणि त्याने लगेच काउंटरवरून पेपरात मान घातली. इन्स्पेक्टर क्विलन मॅजेस्टिक थिएटरात शिरल्यापासून ओटोला धड मापही करता येत नाही. त्याच्या मते थिएटरचा काचेच्या डोळ्याचा मॅनेजर हाच खुनी पुट्टी. मी अजून म्हाताऱ्या टिब्जवर ठाम आहे. पडद्याआडून नटांना वाक्यं सांगणारा माणूस, त्याच्याकडे कोण बघतं? तू नटी मिस व्हेलला कपडे चढवणाऱ्या त्या बाईचं नाव घेतेस, पण मला नाही पटत. तिचे हात फार छोटे काढलेत.

आमचे पाद्रीबाबा चित्रमालिका वाचत नाहीत, निदान तसं सांगतात. काल त्यांनीच मला चर्चच्या दारात गाठलं. म्हणाले, "मिसेस ब्रांडमायर, एक माणूस चेहऱ्यावर पुट्टी थापून रोज नवं नाक लावतो, खून करतो, आणि अख्ख्या नाटक कंपनीला पत्ता लागत नाही, हे पटतं का तुम्हाला?" म्हटलं, "बाबा, माझ्या नवऱ्याने आयुष्यभर एकच नाक लावलं, तरी मला तो पुरता कळला नाही."

लोवेल बरा आहे. लाकडाच्या वखारीत काम भरपूर आहे. रविवारी जेवायला येतो, कधी एकटा, कधी नाही. बाकी विशेष काही नाही.

रविवारचं रंगीत पान नेहमीसारखं जाड पुठ्ठा घालून पाठव. तुमच्या टोलेडोच्या पेपरात फक्त रविवारचं येतं आणि आमच्या पेपरला रविवारच नाही. मालिका काढणाऱ्याला हे कोणीतरी सांगायला हवं. तो खुणा लपवतो रंगात, आणि रंग सगळे तुझ्याकडे. तुला तरी आठवड्याचे सहा दिवस माझ्याकडून मिळतात. मी नसते तर तू काय करणार होतीस?

पत्राची वाट पाहते.

मिसेस एच. ब्रांडमायर


हार्लन
गुरुवार, २१ ऑक्टोबर

प्रिय कोरिन,

पान मिळालं, पत्रही मिळालं. दोन्ही काल एकाच पाकिटातून आली, पण मी आधी पान पाहिलं. पत्र जेवण झाल्यावर वाचलं, आणि बरं झालं, नाहीतर जेवण गेलं नसतं.

एडनाने तुला लिहिलं ते खरं आहे. त्या पोरीला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांची बोलणी ऐकायचा पगार मिळतो, ती फुकटातही तेच करते. हो, कोपऱ्यावर नवीन औषधाचं दुकान निघालं आहे. हो, त्याच्याकडे टोलेडोचा रविवारचा पेपर येतो. सप्टेंबरपासून येतो. आणि हो, मी तुला ते सांगितलं नाही.

तू विचारतेस, "मग मी पाठवते ते पान तुम्ही आधीच पाहिलेलं असतं का?"

नाही. एकदाही नाही. बायबलवर हात ठेवून सांगते. रविवारी चर्च सुटलं की अर्धं गाव रस्ता ओलांडून त्या दुकानात घुसतं आणि पायरीवरच पान उघडतं. मी टोपी कानांवर ओढून मागच्या गल्लीने घरी जाते. गेल्या रविवारी ओटोच्या बायकोने मला हाका मारल्या. मी बहिरी झाल्याचं सोंग केलं. आता ती गावभर सांगत फिरते की हल्डाला ऐकू येईनासं झालं. सांगू दे. रविवारी दुपारी हार्लनमध्ये सगळ्यांना जे माहीत असतं ते मला बुधवारी कळतं, तुझ्या पाकिटातून. मला तसंच हवं आहे.

ह्याला वेडेपणा म्हण. तू इथे होतीस तेव्हाचे रविवार तुला आठवतात ना? तेव्हा बसस्टँडवर टोलेडोचा पेपर यायचा, पुढे तो बंद झाला. लोवेल तो घेऊन यायचा आणि खेळाची पानं उचलून पडवीत जायचा. मागे राहायचो आपण दोघी आणि ते पान. तू आवाज काढून वाचायचीस. क्विलनचा आवाज विहिरीतून आल्यासारखा, बदमाशांचे नाकातून. बाईची किंकाळी तर अशी, की शेजारचे क्रामर एकदा खरंच धावत आले होते. माझ्या हातातला बटाटा अर्धा सोललेला राहायचा. "पुढे वाच ना गं," मी म्हणायची, आणि तू मुद्दाम चित्रावर हात ठेवायचीस. म्हणायचीस, "आई, आधी सांगा, तुम्हाला कोण वाटतं?"

आता मी पान ओट्याला टेकवून ठेवते आणि मनात तुझ्या आवाजात वाचते. क्विलन जमतो. बाकीचे जमत नाहीत.

मला तुझी आठवण येते, कोरिन. एवढंच होतं, लिहून टाकलं.

तुझं आणि लोवेलचं का मोडलं ते मी विचारलं नाही आणि आताही विचारत नाही. तुम्ही भांडलाही नाहीत. भांडला असतात तर मी मध्ये पडले असते. तुम्ही एका घरात राहून पाहुण्यांसारखे वागायला लागलात, आणि मग एका वसंतात तू बॅग भरलीस. मला निरोप देताना तू म्हणालीस, "पत्र लिहायचं काय निमित्त असणार आता?" वर्षभर काही आलं नाही. मग मे महिन्यात आल्या दोन ओळी. "विचारायचा अधिकार नाही, पण मिस व्हेलवर दिवा कोसळला त्यानंतर सोमवार ते शनिवार काय झालं?" त्या दोन ओळी वाचून मी भर दुपारी स्वयंपाकघरात रडले. मग डोळे पुसले आणि रद्दीतून आठवडाभराचे पेपर शोधून काढले.

तेव्हा औषधाच्या दुकानाचं नाव काढून मला ते निमित्त घालवायचं नव्हतं. समजलं?

कात्रणं सोबत. टिब्जच्या बोटाला काय लागलंय ते बघ. इथे काळंच दिसतं. तुझ्याकडे रंग आला की कळव.

हल्डा ब्रांडमायर


हार्लन
सोमवार, १ नोव्हेंबर

प्रिय कोरिन,

तब्येत वगैरे सगळी ठीक आहे, ते सोडून देऊ.

तुझं पत्र शनिवारी आलं. एरवी तू माझ्याशी लांबण लावतेस, ह्या वेळी मोजकंच लिहिलंस. "ह्या रविवारी पुट्टीचा चेहरा उघडा पडणार. ते शेवटचं पान मी पाठवीन आणि मग आपण थांबू. लोवेलचं लग्न ठरल्याचं मला कळलं आहे. नवी सून घरात येताना जुनीची पाकिटं येत राहणं बरं दिसत नाही. तुम्ही सांगायला कचरत होतात, म्हणून मीच लिहिते."

म्हणजे तुला ठाऊक होतं. आणि मी इकडे प्रत्येक पत्रात लोवेलवरून अशी सरकत होते, जशी ओल्या फरशीवरून. हो, लग्न आहे. वीस तारखेला, आपल्याच चर्चमध्ये. मुलगी बँकेत आहे, फिलिस नाव. ती वाईट नाही, कोरिन. वाईट असती तर माझं काम सोपं झालं असतं. माझा गुडघा बघून ती जिना झाडते. आणि एक गोष्ट मी तुला सांगितली नव्हती. मला ही मालिका आवडते असं लोवेलकडून कळल्यापासून ती दर रविवारी त्या दुकानातून माझ्यासाठी पान आणते. मी थँक्यू म्हणते, घडी करते, आणि ओव्हनखालच्या खणात मांस भाजायच्या मोठ्या भांड्याखाली सरकवते.

काल ती पान घेऊन आली ती दारातूनच ओरडत. "मिसेस ब्रांडमायर, तुम्हाला खरं वाटणार नाही! पुट्टी म्हणजे तो..."

मी हातातलं झाकण फरशीवर आपटलं. दुसरं काही सुचलंच नाही. बिचारी पांढरी पडली. लोवेल आत आला. म्हणाला, "आई, काय चाललंय?" मी म्हटलं, "काही नाही, झाकण निसटलं." मग फिलिस मला मदत म्हणून वाकली, ते मांस भाजायचं भांडं काढायला. आणि सगळी पानं बाहेर आली, सप्टेंबरपासूनची, न उघडलेली, इस्त्री केल्यासारखी.

ती जमिनीवर बसूनच राहिली. "तुम्ही एकही वाचलं नाहीत?"

लोवेलला कळलं. तो सावकाश विचार करणारा आहे, पण मूर्ख नाही. "तू अजून कोरिनला पत्रं लिहितेस?"

"लिहिते."

"आई, आमचा घटस्फोट झालाय."

"तुझा झालाय," मी म्हटलं. "मला कोणी विचारलं नव्हतं, लोवेल. कोर्टाने नाही, तू नाही, तिने नाही. सकाळी ती ह्या टेबलाशी होती आणि संध्याकाळी नव्हती. तुला दुसरी बायको मिळाली, देव तुमचं भलं करो. पण माझं जे गेलं ते तुझ्या बायकोपेक्षा वेगळं होतं. ते मला फिलिसकडून भरून घ्यायचं नाही. ते तिच्यावरही अन्यायाचं होईल."

एवढं मोठं भाषण मी ह्या घरात कधी केलं नव्हतं. लोवेल पडवीत गेला. फिलिसने पानं गोळा केली, एकावर एक नीट रचली आणि सगळ्यात वरचं, कालचं, उलटं करून ठेवलं. "मी नाही सांगणार," ती म्हणाली. "पण मी तुम्हाला वाचून दाखवलं असतं हो." मी तिला विचारलं, ती पान कसं वाचते. म्हणाली, "आधी शेवटचं चित्र बघते, मग सुरुवात." मी तिच्या गालावर हात ठेवला.

मग लोवेल आत आला आणि त्याने दुसऱ्यांदा नूडल्स वाढून घेतल्या. तो रागावला की जेवत नाही, हे तुला माहीत आहे. खाता खाता एकदाच म्हणाला, "अजून ती तसेच आवाज काढते का गं?" मी म्हटलं, "मला कसं कळणार? पत्रात आवाज येत नाही."

आज अख्ख्या हार्लनला पुट्टी कोण ते ठाऊक आहे. ओटोने सुरी खाली ठेवून तोंड उघडलं. मी म्हटलं, "एक शब्द काढलास तर सॉसेज ह्यापुढे फ्रँकच्या दुकानातून." त्याने तोंड मिटलं, पण त्याच्या चेहऱ्यावरून एवढं नक्की, की त्याचा मॅनेजर नव्हता. पाद्रीबाबा समोरून येत होते, त्यांनी माझा हात कानाकडे गेलेला पाहिला आणि रस्ता बदलला.

आता मुद्द्याचं ऐक. ते पान पोस्टाने पाठवू नकोस. पाठवलं असशील तर मी पोस्टमन क्लिंगला सांगून पाकीट न फोडता परत करीन. पान आलं म्हणजे गोष्ट संपली, आणि गोष्ट संपली म्हणजे आपण थांबलो, असं तू ठरवलं आहेस. तुझं तू ठरवलंस. मी नाही ठरवलं. बरं दिसत नाही म्हणतेस? कोणाला दिसत नाही? फिलिसला दिसलं, लोवेलला दिसलं, दोघेही काल रात्री जेवून गेले.

आणि क्विलन थांबलेला नाही. आजच्या पेपरात नवी गोष्ट सुरू झाली. पहिल्या चौकटीत साहेब त्याला थिएटरच्या कामगिरीबद्दल शाबासकी देतो, ती चौकट मी बशीने झाकली आणि उरलेल्या वाचल्या. मालगाडीच्या बर्फाच्या डब्यात एक प्रेत सापडलं आहे, आणि त्याच्या पायात दोन वेगवेगळे बूट आहेत. तुला हे टोलेडोत कुठेच मिळणार नाही. कात्रण सोबत जोडलेलं नाही. ते माझ्या पर्समध्ये आहे आणि तिथेच राहील.

गुरुवारी सकाळच्या बसने मी टोलेडोला येते आहे. ह्याआधी एकदाच आले होते, तुमच्या लग्नाला, आणि तेव्हा सांभाळून न्यायला लोवेल होता. ह्या वेळी एकटी येते. तू कालचं पान घेऊन स्टँडवर ये. तिथेच बाकावर बसून वाच, पहिल्या चौकटीपासून, सगळ्यांच्या आवाजात, किंकाळीसकट. लोक बघतील, बघू देत. मध्येच हात ठेव आणि मला विचार कोण वाटतं.

तुला यायचं नसेल तर येऊ नकोस. तुझं आयुष्य आहे, मी त्यावर हक्क सांगत नाही. मी बाकावर बसून सोबत आणलेलं सँडविच खाईन आणि संध्याकाळच्या बसने घरी येईन. लग्नात नाचेन, फिलिसला माझी मुरंब्याची रीत शिकवीन. आणि पुट्टी कोण होता ते मरेपर्यंत कोणाला विचारणार नाही, कोणाला सांगूही देणार नाही.

गुरुवारपर्यंत कानांवर हात ठेवून असलेली,

तुझी
हल्डा