गाडी नदीपलीकडे आहे

१३ ऑक्टोबर २०२०, मंगळवार

अमेरिकेच्या आधी येणारा आमचा थँक्सगिव्हिंगचा सण एकदाचा संपला. एका माणसासाठी कोणी टर्की भाजत नाही, म्हणून सँडविच खाल्लं. शेजारच्या ऑर्व्हिलने झाकलेलं ताट दारात ठेवलं आणि करोनाचे नियम पाळत अंगणातूनच ओरडला, की अरे गार्नेट, ग्रेव्ही गरम करून घे, नाहीतर विला वरून मला शिव्या देईल. माझी बायको विला जाऊन पाच महिने झाले. लोक तिचं नाव ग्रेव्हीत कालवतात. शी.

निर्णय घेतला. दरवर्षीप्रमाणे हिवाळ्यात फ्लोरिडाला जायचं. अमेरिकेची सरहद्द मार्चपासून बंद आहे. जमिनीवरून जायला बंदी, विमानाने जायला परवानगी. रोग फक्त रस्त्याने चालत जातो, असं दोन्ही सरकारांचं मत दिसतं. मालवाहतूक मात्र चालू आहे. म्हणजे मोटारहोम, आमचं चाकांवरचं घर, माल म्हणून नदीपलीकडे अमेरिकेतल्या बफेलोला पाठवायचं, आपण हेलिकॉप्टरने उडत जायचं आणि तिथून ते चालवत खाली उतरायचं. साधी गोष्ट. लोक उगाच रडतात.

मी आजवर विमानात बसलेलो नाही. गरजच पडली नाही. भीतीचा प्रश्न नाही. डावा कान नाजूक आहे.

१६ ऑक्टोबर

फ्लोरिडाहून बेव्हचा फोन. ही तिथल्या मोटारहोम पार्कातली आमची शेजारीण, मूळची ओहायोची, आवाज भोंग्यासारखा. म्हणाली, की इथे सगळे तुझ्यासाठी थांबलेत. तिकडे विलाला धड निरोपही देता आला नाही, दहाच माणसं म्हणे! इथे आपण अंगणात नीट करू. डिसेंबरचा पहिला रविवार. तू चार शब्द बोल आणि पाटी तूच उतरव. स्क्रू-ड्रायव्हर मी काढून ठेवलाय.

पार्कात प्रत्येक जागेपुढे लाकडी पाटी असते. आमच्यावर ‘गार्नेट आणि विला’ आहे. दोघांतलं एक गेलं, की उरलेल्याने ती आपल्या हाताने उतरवायची आणि एका नावाची लावायची, अशी तिथली पद्धत. सगळे भोवती उभे राहतात. मग जेली सॅलड खातात, त्यात मार्शमेलो असतात. मला त्याची किळस आहे.

बेव्हला सांगितलं, की वेळेवर पोहोचतो.

२४ ऑक्टोबर

मोटारहोम भरलं. विलाचं शिलाईचं मशीन, तिची किटली, उशी, स्वेटर, अर्धवट राहिलेली गोधडी, सगळं आत. भावनेचा प्रश्न नाही. घरात पसारा नको. माझे कपडेही सगळे आत. फक्त हेलिकॉप्टरात घालायचा एक जोड बाहेर ठेवला.

ऑर्व्हिल बघत उभा होता. म्हणाला, पाण्याची टाकी रिकामी कर आणि पाइपांत गुलाबी अँटीफ्रीझ घाल, नाहीतर गोठून फुटतील, थंडी लवकर येतेय. मी सांगितलं, की आठवड्याभरात गाडी संत्र्यांच्या बागेत उभी असेल. त्यावर म्हणाला, अरे बाबा, छताची पन्हळ साफ करायला तू शिडीवर चढत नाहीस, शिडी मी चढतो. हेलिकॉप्टरात कसा चढणार? नंतर हेच कॉफीच्या दुकानासमोर पुन्हा बोलला, सहा फुटांवर उभी असलेली सगळी गिऱ्हाइकं हसली. मास्क लावून हसलेलं जास्त वाईट दिसतं.

त्याला माझं बर्फाचं फावडं देऊन टाकलं. मला लागणार नाही, असं सगळ्यांसमोर सांगितलं.

२९ ऑक्टोबर

अमेरिकन ड्रायव्हर आला. डेल नावाचा, दाढीत चिप्सचा चुरा. पुढच्या सीटवर बसला आणि सीट मागे सरकवली. ती सीट विलाची. इतकी वर्षं गाडी तीच चालवायची. मी शेजारी नकाशा धरायचो, खरं काम तेच. डेल म्हणाला, साहेब, बाईमाणसाच्या मापाची सीट दिसते, पायच मावत नाहीत. आता ती सीट परत जागेवर आणावी लागणार. किती खाच मागे गेली, ते बघायला हवं होतं.

गाडी नदीवरच्या पीस ब्रिजवरून पलीकडे गेली. डेलचा फोन आला. नदीकाठच्या आवारात उभी केली आहे आणि किल्ली तिथल्या ऑफिसात आहे. माझी पाळी सोमवारी.

१ नोव्हेंबर, रविवार

घर बंद केलं. फ्रिज रिकामा, पाण्याचा मुख्य नळ बंद, हीटर अगदी खाली. खोल्यांतले दिवे टायमरवर लावले, म्हणजे आम्ही नसताना चोरांना वाटतं माणसं आहेत. हे विला करायची. एक टायमर उलटा लागला असावा, न्हाणीघरातला दिवा भर दुपारी लागतो.

घराची एक चावी ऑर्व्हिलकडे. मालक नसताना कोणीतरी अधूनमधून घर तपासून गेलं नाही, तर विमा कंपनी पाइप फुटल्याची भरपाई देत नाही. आमच्या पोर्ट कोलबोर्नमधले निम्मे म्हातारे हिवाळ्यात दुसऱ्यांची रिकामी घरं तपासत फिरतात.

२ नोव्हेंबर

ऑर्व्हिलने सेंट कॅथरिन्सच्या विमानतळावर सोडलं. खिडक्या उघड्या टाकून, मी मागच्या सीटवर. उतरताना म्हणाला, की बेव्हला सांग, जेली सॅलडमधले मार्शमेलो माझ्या वाटचे खा. आणि गार्नेट, डोळे मिटून घेतलेस तरी चालतं, मी कोणाला सांगणार नाही.

हेलिकॉप्टर फारच लहान निघालं. लिंबू पिळायच्या यंत्राएवढं. पायलट नुकतीच शाळा सोडल्यासारखा दिसत होता. वाऱ्याचा वेग मला पसंत पडला नाही. पायलट म्हणाला वारा नाहीच. हा त्याचा दृष्टिकोन झाला. शिवाय कान.

आज न जाण्याचा निर्णय घेतला. पुढच्या आठवड्यात हवा बघून जाईन. टॅक्सीने परत आलो, मागच्या गल्लीत उतरलो. गावाला सांगत बसण्याइतकी मोठी गोष्ट नाही.

वरात पुढे गेली आहे, नवरदेव थोडा मागे आहे, इतकंच.

५ नोव्हेंबर

सकाळी किल्ली वाजली. ऑर्व्हिल घर तपासायला आला. समोर जायला हवं होतं, पण मग हेलिकॉप्टरचं सगळं सांगावं लागलं असतं, आणि मला वादविवाद आवडत नाहीत. तळघरात जाऊन वॉशिंग मशीनमागे उभा राहिलो. त्याने स्वयंपाकघराचा नळ सोडला. पाणी आलं. (काल मीच मुख्य नळ उघडला होता, माणसाला पाणी लागतं.) मग मोठ्याने म्हणाला, की या घराचं कौतुक आहे, बंद नळाला पाणी येतं! आणि गेला. त्याच्या लक्षात आलं नाही. तो मुळातच मंद आहे.

१० नोव्हेंबर

दुसरी फेरी रद्द केली. ढग.

थंडी. कपडे सगळे नदीपलीकडे. गावात कोट विकत घेता येत नाही, कारण मी फ्लोरिडात आहे. कपाटात विलाचा जुना लाल कोट सापडला, टोपीला लोकरीची झालर असलेला. आम्ही हिवाळ्यात इथे राहायचो, त्या काळातला. बटणं लागत नाहीत, पण चालेल. खिशात तिचा हातरुमाल आणि पेपरमिंटची गोळी. गोळी तशीच ठेवली.

१४ नोव्हेंबर

छोटी मोटार काढून नदीच्या आपल्या काठावरच्या फोर्ट एरीला गेलो. नदीकाठी घडीची खुर्ची टाकली. विलाची पक्षी बघायची दुर्बीण होती. पलीकडच्या काठावर आवार, आवारात तिसऱ्या रांगेत आमची गाडी. खिडकीचा निळा पडदासुद्धा दिसतो. तो तिने शिवला होता.

गाडीवर लक्ष ठेवणं गरजेचं आहे. अमेरिकनांचा भरवसा नाही. रोज यावं लागेल.

१९ नोव्हेंबर

बेव्हचा फोन. कुठवर आलास? म्हटलं, सरहद्दीजवळ आहे. हे खरं होतं. म्हणाली, बाबा रे, घाई करू नकोस, नीट चालव, विला असती तर आत्तापर्यंत दोनदा येऊन गेली असती. सगळे हसल्याचा मागून आवाज आला. लोकांना मेलेल्या माणसाच्या नावाने हसवतंच कसं?

विला मात्र हसली असती.

२३ नोव्हेंबर

बर्फ पडला. ऑर्व्हिल सकाळी माझ्याच फावड्याने माझ्या दारातला, थेट गॅरेजपर्यंतचा बर्फ काढून गेला. रिकाम्या घरापुढचा! वेळ जात नसला की माणसं काय काय करतात. मला मात्र मोटार बाहेर काढायला बरं पडलं.

नंतर त्याचा आवाज ऐकला. कुंपणापाशी बायकोला सांगत होता, की गार्नेटच्या मागच्या दारी डबे उपसणारा मोठा रॅकून हिंडतो, अकरा नंबरचे बूट घालतो, आणि हल्ली लाल कोट घेतलाय. ऑर्व्हिलला म्हातारपणी नक्की काहीतरी झालंय.

आता पावलं बुजवत जायचा नियम केला आहे. झाडूने.

३० नोव्हेंबर

आज गाडी फार छान चमकत होती. दाराखाली काहीतरी उन्हात लखलखत होतं. बफेलोवाल्यांनी धुतली असावी. इतक्या दिवसांत पहिली चांगली गोष्ट.

संध्याकाळी आवाराच्या ऑफिसातून फोन. पाइप फुटले. टाकीतलं पाणी आत वाहिलं, मग गोठलं, दारातून माणसाएवढे बर्फाचे सुळके लोंबतायत. तो पोरगा म्हणाला, की साहेब, दिसायला मस्त आहे, आम्ही फोटो काढले. आत शिलाईचं मशीन जमिनीवर होतं का, विचारलं. म्हणाला, टेबलावर आहे, पण एक गोधडी होती, ती फरशीला चिकटली.

ती मीच फरशीवर घडी करून ठेवली होती. मशीन टेबलावरून पडलं तर मार लागू नये म्हणून.

किळस आली. कोणाची ते लिहीत नाही.

६ डिसेंबर, रविवार

बेव्हला कालच सांगितलं होतं, की हवामानामुळे पोहोचत नाही, फोनवरून बोलेन. भाषणाची तयारी झाली होती. पहिलं वाक्य: विला वक्तशीर होती. पुढचं आयत्या वेळी सुचणार होतं.

तळघरात बसलो. फोन स्पीकरवर ठेवला, हात गारठले होते. तिकडे खुर्च्यांचे आवाज, पाखरं, कोणीतरी खोकलं. बेव्ह म्हणाली, की मंडळी, गार्नेट बोलतोय, गप्प बसा. सगळे गप्प बसले.

तेवढ्यात वर किल्ली वाजली. ऑर्व्हिल. रविवारी!

मला आवाज करता येईना. तिकडे अख्खं पार्क थांबलेलं. बेव्ह हलकेच म्हणाली, सावकाश बोल रे. कोणीतरी नाक शिंकरलं.

वर ऑर्व्हिलचे बूट स्वयंपाकघरातून जिन्याच्या दारापाशी आले आणि थांबले. मग तो नेहमीसारखा रिकाम्या घराशी बोलायला लागला. मोठ्याने, त्याच्या कानाला यंत्र आहे. म्हणाला, की विला, तुझं घर ठीक आहे. नळाला पाणी आहे, हीटर वाढलेला आहे, आणि न्हाणीघरात भरदुपारी दिवा लागतो, तेवढं तुला आवडणार नाही. तुझ्या घरात एक भूत आहे. टिनच्या डब्यातलं खातं. तुझा कोट घालून रोज फोर्ट एरीला जातं. आम्ही एकदा मागोमाग गेलो, बायको आणि मी, लांब उभे राहिलो. तुझ्या गाडीकडे बघत बसलेलं असतं, अंधार पडेपर्यंत. तू असतीस तर कान धरून हेलिकॉप्टरात घातलं असतंस. आम्हाला तसं जमत नाही. आम्ही बर्फ काढतो.

हे सगळं फोनवरून पार्काला ऐकू गेलं. मग बेव्हने विचारलं, हा कोण? मी हळूच म्हणालो, शेजारी. बेव्ह म्हणाली, तू घरी आहेस होय रे? मी हो म्हणालो. मग तिकडे आधी एकजण हसलं, मग सगळेच, आणि त्यातलं काही हसणं नव्हतं.

बेव्हने विचारलं, पाटीचं काय करू? दुसऱ्या कोणाला उतरवायला सांगू का?

नको म्हणालो. माझं भाषण तेवढंच झालं.

ती म्हणाली, मग राहू दे. स्क्रू-ड्रायव्हर डब्यात टाकते. वर ऑर्व्हिल दार लावून गेला होता.

जिन्याच्या पायरीवर सुपाचं पातेलं होतं. गरम.

७ डिसेंबर

ऑर्व्हिलने आज किल्ली वापरली नाही, बेल वाजवली. मी दार उघडलं. कोट अंगात होताच. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, की काय रे, फ्लोरिडात हवा कशी आहे?

गार आहे, म्हणालो.

तो म्हणाला, दिसतंच आहे. मग भिंतीला टेकवलेलं फावडं माझ्या हातात दिलं. म्हणाला, मालक परत आला, आता आपली नोकरी संपली. आणि पातेलं धुऊन दे.

निर्णय घेतला. वसंतात सरहद्द उघडली, की गाडी दुरुस्त करायची आणि ती मीच चालवत न्यायची. सीट पुढे घ्यायची, नेमक्या जुन्या खाचेवर. चालवणं अवघड नसतं. मी वर्षानुवर्षं शेजारी बसून बघितलं आहे.

दुपारी दारातला बर्फ काढला. अर्धा. बाकीचा फ्लोरिडाहून आल्यावर.