माणसे बसवून आवळायचे बोल्ट

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

करमाळा, ता. ३ नोव्हेंबर १९७५

ती. अण्णास, महादेवीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचले. सहा पानांत वहिनीविषयी दोन ओळी, आईच्या गुडघ्याविषयी एक, बाकी सगळे त्या लाल गाडीचे पुराण. गिरणीच्या साहेबाने बारा वर्षे पिदडलेली दोनदारी हेराल्ड तू हौसेने दारात आणलीस. आता लिहितोस की ती वळणावर कलते, खड्ड्यात खडखडते, म्हणून पाटे, स्प्रिंगा, रबरी बुश सगळे नवे घालतोस. वर पुण्याहून रुंद चाकेही आणवतोस. बाळीवेशीतून सुताच्या दुकानापर्यंत जायला रुंद चाके! म्हाताऱ्या बैलावर झूल टाकली म्हणून तो शर्यतीचा होत नाही, अण्णा. माझ्या वर्गात बेचाळीस मुली आहेत, त्यांतल्या नऊ अनवाणी येतात. आणि माझा भाऊ गाडीला नवे जोडे करतो आहे.

वहिनीला सातवा लागला ना? तिला दुधनीला माहेरी नेशील तेव्हा कृपा करून रेल्वेने ने. रेल्वेला पुण्याहून चाके मागवावी लागत नाहीत.

लोभ गाडीवर आहेच. उरला तर थोडा माझ्यावर असू दे.

तुझी,
महादेवी

सोलापूर, ता. ९ नोव्हेंबर १९७५

चि. महादेवीस पंचाक्षरीचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र नेहमीप्रमाणे दुकानात मोठ्याने वाचले. घराण्यातली पहिली बी.एस्सी.; तिचे पत्र काय मनातल्या मनात वाचायचे? झुलीच्या बैलाला आप्पा इतके हसले की चहा सांडला.

आता जे मोठ्याने वाचता येत नाही ते लिहितो. मागच्या खेपेला शांताचे बाळ सहाव्यात गेले, तेव्हा तिची आई जवळ नव्हती. या वेळी तिने एकच धरले आहे, आईजवळ जायचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जा, पण धक्का बसता कामा नये. स्टेशनचे जिने नकोत, दुधनीचा टांगा नको. म्हणून गाडी घेतली, आणि म्हणूनच तिच्या खालचे सगळे बदलतो आहे. रुंद चाके तेवढी हौसेची, कबूल.

पण एक घोळ झालाय. धुळाप्पा मिस्त्री माळशिरसकडचा, सारी हयात ट्रकांखाली गेलेली. त्याने सगळे बसवले, पण बुशांचे, म्हणजे सांध्यांतल्या त्या रबरांचे, बोल्ट सैल ठेवलेत. म्हणतो, गाडी जॅकवरून खाली घेतो, जेवढी माणसं न्यायची तेवढी आत बसवा, ट्रंकेसकट, मगच आवळतो. शांतालाही घेऊन या म्हणतो. गॅरेजात बाईमाणसाला कसे न्यायचे? तू शिकलेली, तू सांगशील तसे करतो.

अशीच रागावत राहा, पण लिहीत राहा.

तुझा,
अण्णा

करमाळा, ता. १३ नोव्हेंबर १९७५

ती. अण्णास, शि. सा. न.

वहिनीचे वाचून मान खाली गेली. गाडीविषयी बोलले ते मागे घेते. रुंद चाकांविषयीचे नाही.

पण हा तुझा धुळाप्पा! पोटुशी बाई परक्या पुरुषांसमोर तेलकट गॅरेजात बसवायची आणि हा खाली निजून बोल्ट आवळणार. लिंबू-मिरची मागितली नाही हेच नशीब. मुहूर्त तरी कोणता काढलाय? बोल्ट आवळताना वर कोण बसले आहे हे बोल्टाला कळत नाही. घट्ट म्हणजे घट्ट. जॅकवर काय, जमिनीवर काय. मी तीन वर्षे पदार्थविज्ञान घोकले ते उगाच नाही. असली अडाणी माणसे आपले अज्ञान अनुभव म्हणून खपवतात आणि आपण माना डोलावतो. त्याला सांग, माझी बी.एस्सी. झालेली बहीण सांगते, निमूट आवळ.

वहिनीला जप. माझा राग आला तरी चालेल, खुशाली धाड.

तुझी,
महादेवी

सोलापूर, ता. २६ नोव्हेंबर १९७५

महादेवक्कांना शांतम्माचा नमस्कार.

हे दुकानात गेलेत तेवढ्यात लिहिते. हे तुम्हाला कळवणार नाहीत. म्हणतात, तिच्या मनाला लागेल. मला वाटते, लागू दे.

तुमचे पत्र यांनी गॅरेजात उभे राहून वाचले, अडाणी या शब्दासकट. सगळी माणसे हसली. धुळाप्पा तेवढा हसला नाही. शिकल्याली बाई सांगतीया तर आवळतो की, म्हणाला, आणि गाडी जॅकवर असतानाच आवळून दिले.

रविवारी निघालो. वळसंगच्या पुढे मागून कडकड वाजू लागले, गाडी एका अंगाला बसली, ते रुंद चाक मडगार्डला घासून फाटले. धक्का थेट माझ्या पोटात गेला. चार तास बाभळीखाली आडवी होते, पोटावर हात ठेवून. हलते की नाही, एवढेच बघत होते. निरोप गेल्यावर धुळाप्पा स्वतः आला, जुने चाक लावले, आणि मला माणसाच्या चालीने घरी आणले.

रबर तुटले होते. तो सांगत होता, गाडी उचलली की चाक लोंबकळतं. तवा रबर आवळलं, तर गाडी खाली बसल्यावर ते धुण्यातल्या लुगड्यासारखं पिळल्यालंच ऱ्हातं, आन् मग तुटतं. वजन घालून आवळलं की पीळ न्हाय. एवढेच.

बाळाचे ठोके ठीक आहेत. माझे वजन केले, छप्पन्न किलो भरले. पंधरा दिवस अंथरूण, मग दुधनीला जायची परवानगी, पण गॅरेजात जायची नाही. आणि धुळाप्पा म्हणतो, वजनाबिगर आता बोल्टाला हात लावत न्हाय. मला आईजवळ जायचे आहे, अक्का.

माझ्यावर माया आहेच तुमची. तीतली थोडी धुळाप्पासाठी काढा.

तुमची,
शांतम्मा

करमाळा, ता. ३० नोव्हेंबर १९७५

श्री. धुळाप्पा मिस्त्री यांस, महादेवीचा सा. न. वि. वि.

हे पत्र अण्णाने गॅरेजात, त्याच जागी उभे राहून, तेवढ्याच मोठ्याने वाचावे. त्या दिवशी हसलेली सगळी माणसे आधी गोळा करावीत.

तुम्ही मुहूर्त मागितला नव्हता, वजन मागितले होते. रबराला पीळ बसला की काय होते यावर मी परीक्षेत दोन पाने लिहिली आहेत. तेच हातात पाना असलेल्या माणसाने सांगितले, तेव्हा मला ओळखू आले नाही. पाठ केलेले ज्ञान असेच असते. पुस्तकाबाहेर भेटले की परके वाटते. अडाणी हा शब्द मी भलत्याच माणसाला लावला. अण्णाने तो यापुढे माझ्या नावामागे, पदवीच्या जागी वाचावा.

तुमच्यावरही एक राग आहे. चूक आहे हे ठाऊक असून तुम्ही आवळलेत, कारण सांगणारी पदवीधर होती. पुन्हा असल्या कागदाला भिऊ नका. ती रुंद चाकेही काढून टाका. अण्णा हे वाक्य गाळेल, म्हणून वहिनीला वेगळे कळवले आहे.

येत्या शनिवारी दुपारच्या एस.टी.ने येते. वहिनीच्या जागी मी बसेन. तिचे वजन छप्पन्न, माझे पंचेचाळीस. उरलेल्या अकरा किलोंसाठी माझी पदार्थविज्ञानाची पुस्तके पिशवीत भरून मांडीवर घेईन. शांतम्माच्या बाळाच्या उपयोगी पडावे असे त्यांत हे वजन एवढेच आहे.

पाना तयार ठेवा, आणि जमले तर थोडा लोभही.

आपली,
महादेवी