पागाचा दिवा

चेंदणी, ठाणे
नोव्हेंबर १९९४

प्रिय रतन,

तुझं पत्र मिळालं. दोन गोष्टी विचारल्यास. एक दिव्याची. दुसरी तीच, तरुणपणी खाडीवर विचारलेली, की शेवंती, लग्न करशील का माझ्याशी? तेव्हा मी आबांना एकटं टाकून येणार नाही म्हटलं, आणि तू डोंबिवलीजवळ कोपरला निघून गेलास. केस पिकले तरी तुझा हट्ट काही जात नाही, बाबा! आधी दिव्याचं बोलते. दुसऱ्याचं लिहायला हात अजून धजत नाही.

तर तुझी दिव्यांची कंपनी तुझा जुना दिवा पुन्हा बाजारात काढतेय, मुंबईच्या त्या म्युझियमच्या घुमटाला मानवंदना म्हणून. आणि घुमटासारखा दिसावा म्हणून त्याची एका बाजूला उतरलेली कड सरळ करायची म्हणतायत. वाचून डोकंच फिरलं माझं. कसला डोंबलाचा घुमट! आबा पाग फेकत होते, तू नौपाड्यातून येऊन धक्क्यावर चित्रं काढत बसला होतास, आणि मी आबांना जेवायला हाक मारली. त्यांचा हात चुकला. गोल जाळं हवेत उघडलं ते एका बाजूने आखूड, दुसऱ्या बाजूने खाली लोंबलेलं. आबांनी मला शिव्या घातल्या, आणि तू मात्र नेमकं तेच चित्र काढून कारखान्यात नेलंस. पितळेचा दिवा झाला, बारीक भोकांचा. पहिला आमच्याकडे आणून टांगलास. आबा म्हणाले, या पोराने माझी चूकच टांगली की घरात! पण कधी काढू दिला नाही.

अजून तिथेच आहे. दिवेलागणीला लावला की भिंतीभर जाळी उतरते, वाऱ्याने हलते, खोलीत हळूहळू पाणी शिरल्यासारखं वाटतं. भाकरी थापता थापता माझे हात थांबतात. वाटतं, तू अजून धक्क्यावर बसलायस, आणि मी अजून हाक मारलेलीच नाही.

परवा मी कोणाला न सांगता ते म्युझियम बघून आले. हसू नकोस. त्या घुमटाशी भांडायलाच गेलेले. खाली उभी राहिले, मान वर केली, आणि सगळं विसरले रे. उजेड वरून गोल गोल उतरत होता, आवाज लांबून आल्यासारखे वाटत होते. पाण्यातल्या मासळीला वरून येणारा पाग असाच दिसत असेल. किती वेळ उभी होते कोण जाणे. तिथल्या पहारेकऱ्याने विचारलं, मावशी, काही हरवलंय का? राग तिथेच गेला माझा. लावू देत त्यांना म्युझियमचं नाव. पण त्या कडेला हात लावू देऊ नकोस. नाही निघाला दिवा तर नाही निघाला. ती कड माझ्या हाकेची आहे.

आता दुसरं. आबा गेले, रतन. नवरात्रात. टेंभी नाक्याचे ढोल इथवर ऐकू येत होते. तुला कळवायचं होतं, पण पेन धरवेना. शेवटच्या संध्याकाळी त्यांची नजर दिव्यावरच होती. मला जवळ बोलावून म्हणाले, पाग परलाय गो, ओर आता. मला वाटलं, म्हातारा मनाने खाडीत आहे. हो हो म्हटलं आणि पाणी पाजलं. मग तुझं पत्र आलं, तोच प्रश्न घेऊन, आणि मी दिव्याखाली बसून खूप रडले. आपल्याला वाटत होतं, जाळं अजून हवेतच आहे. ते कधीच पडलंय, हे आबांना ठाऊक होतं. नुसतं ओढायचं राहिलं होतं. मी काही कोपरला येणार नाही हं, दिवा इथे आहे. तू ये. रविवारी ये, जेवायलाच ये. धक्क्यावर येऊन बस, मी हाक मारते.

तुझीच, अजूनही,
शेवंती