उलट्या बाह्यांचं पोलकं

अव्वा,

आज मी तुझ्यावर पुन्हा चिडले. तुला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली, माझी ऐंशी जवळ आली, आता तरी हे थांबायला हवं, पण नाही थांबत. निमित्त अगदी साधं. सकाळी चहा पिताना नातसून म्हणाली, "तुमच्या काळी कपडे घरीच शिवायचे ना आजी? किती छान!" छान? म्हटलं, बाई गं, माझ्या अव्वाच्या, म्हणजे आईच्या, हातचं पोलकं एक दिवस अंगात घाल आणि मग बोल. ती हसली. मला काही हसू आलं नाही. तेव्हापासून डोक्यात तूच आहेस, म्हणून शेवटी वही घेऊन बसले.

मुरुम गावातल्या घरात स्वयंपाकघराच्या दाराशी दुपारचा उजेड यायचा, तिथं तू पोतं अंथरून बसायचीस. टेप नाही, खडू नाही, मशीन तर नाहीच. जुनं पोलकं नव्या कापडावर पालथं घालायचं, कडेनं चार बोटं सोडायची आणि कात्री चालवायची. मी आठ वर्षांची असताना चार बोटं, अठराची झाले तरी चार बोटं! "अव्वा, आता मी वाढणार नाही," म्हटलं की तू म्हणायचीस, "तुला काय ठावं? लगीन झाल्यावर अंग भरतंय." म्हणजे न झालेल्या लग्नाचं कापड मी रोज अंगावर वागवायचं. त्यात भर म्हणजे सगळं एकाच ताग्यातलं. माझं पोलकं, भावांचे सदरे, उशांचे अभ्रे, सगळ्यांवर तीच निळी फुलं. शाळेतल्या पोरी विचारायच्या, "तुमच्या घरी उशी कुठली आन् पोरगी कुठली, कसं कळतंय गं?" मी रडत घरी यायची आणि तू म्हणायचीस, "फुलं चांगली हायती म्हणून जळतेत त्या."

पेठेत शिंपी होता. काही दूर नव्हता, आपल्या दारातून त्याचं दुकान दिसायचं. माझ्या मैत्रिणींची पोलकी तिथं शिवली जात, अंगाला कशी बेतशीर बसत. मी किती वेळा हात जोडले असतील तुला! अंगाला माप लावायची गरज नाही, मापाला जुनं पोलकं नेऊन दिलं की झालं, हेही सांगून पाहिलं. तर तू डोळे वटारलेस. "तुजं पोलकं त्या दुकानात खुंटीला लोंबणार? येणाऱ्याजाणाऱ्यानं बघायचं? घरात माजे हात हायती न्हवं अजून! साकु." तुझं ते कानडी "साकु", म्हणजे पुरे, एकदा आलं की अप्पासुद्धा पुढं बोलत नसत. मी कोण?

मग ती शाळेची गोष्ट झाली. मॅट्रिक होऊन मी गावातल्या मुलींच्या शाळेत लागले होते, पण तात्पुरती. निजामाचं राज्य जाऊन वर्षं लोटली होती, मराठी शाळा भराभर निघत होत्या, तरी बाई कायम व्हायची तर तपासणीच्या साहेबांनी तिचा पाठ बघून शेरा लिहावा लागे. शेरा वाईट आला की घरी बसायचं, आणि घरी बसायचं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. सोलापूरकडचं एक स्थळ अप्पांच्या खिशात तयार होतं. शनिवारी शाळेत निरोप आला, साहेब मंगळवारी येणार.

मी म्हटलं, आहे ते पोलकं धुऊन घालते. पण नाही! "साहेब येणार आन् तू ठिगळ लावल्यालं घालून उभी ऱ्हाणार व्हय?" रविवारी तू पांढरं कापड आणलंस, कापलंस, पाठ-पुढा जोडलास. बाह्या तेवढ्या लावायच्या राहिल्या आणि दिवस मावळला. दुसऱ्या दिवशी सोमवार. महादेवाच्या वारी कात्रीच काय, सुईसुद्धा हातात धरायची नाही, हा तुझा नेम. मी अक्षरशः पाया पडले. "अव्वा, बाह्या तेवढ्या." "सोमवार म्हंजी सोमवार." अगं, महादेवानं काय केलं असतं? मुलीची नोकरी टिकावी म्हणून आईनं घातलेले दहा टाके त्याला खुपले असते का? मला आजही हे लिहिताना कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो.

मंगळवारी सकाळी तू चुलीपुढं बसली आहेस. तव्यावर भाकरी, मांडीवर पोलकं. इकडं भाकरी उलटतेस, तिकडं टाका घालतेस. मी वेणी घालून उभी, घंटा व्हायची वेळ झालेली. दातानं दोरा तोडून तू म्हणतेस, "घाल." मी घालते. पाठीत ढगळ, कमरेत ढगळ, नेहमीसारखंच. हात खाली होते तोवर काही कळलं नाही.

वर्गात साहेब मागच्या खुर्चीवर बसले. समोर पहिलीच्या पोरी. मी खडू घेऊन फळ्यावर तारीख लिहायला हात उचलला, तर हात खांद्याशीच अडकला. वर जाईना! डावी बाही उजवीकडं आणि उजवी डावीकडं लावली होतीस तू. पुढचा खोलगट भाग मागं गेलेला, काखेत कापड असं ओढलेलं की आणखी बोटभर हात वर नेला तर टर्रकन फाटणार. मग काय करणार? फळ्याचा वरचा अर्धा भाग सोडून दिला. वाकून खाली, पार कडेला लिहिलं. तेही जमेना तेव्हा गुडघे टेकून बसले आणि एकेका पोरीला पुढं बोलावून तिच्याच हातानं शब्द लिहून घेतला. मनात एकच, गेली नोकरी. सून म्हणून सोलापूरला भांडी घासायची आता.

पाठ संपला आणि मोठ्या बाईंनी शेरा वाचून दाखवला. 'बाई मुलींच्या उंचीला उतरून शिकवतात. फळा मुलींच्या हाती देतात. कायम करावे.' मला वाटलं, चुकून दुसऱ्या कुणाचा वाचताहेत.

घरी आले तर तू दारातच होतीस. "साहेब काय म्हणलं गं?" मी आत गेले, पोलकं उतरवलं आणि तुझ्या पुढ्यात फेकलं. "बघ तुझं काम! बाह्या अदलाबदल करून लावल्यास. हात वर होत नव्हता. साहेबांसमोर मला फळ्यावर नीट लिहितासुद्धा आलं नाही." यातला शब्दन् शब्द खरा होता. साहेब काय म्हणाले, एवढंच मी सांगितलं नाही. तू पोलकं उचललंस, उलटं केलंस, काखेवरून अंगठा फिरवलास. "व्हय गं. डावी उजवीकडं गेली." बस, एवढंच. तुझ्या प्रत्येक बोलण्याला माझ्याकडं उत्तर तयार होतं, आणि तू पोलक्याची घडी घालून चुलीकडं वळलीस.

दुसऱ्या दिवशी तूच मला कापड काढून दिलंस. "शिंप्याकडं टाक. मापाला कुठलं बी दे." मी विचारलं, "खुंटीला लोंबेल ते?" तू म्हणालीस, "लोंबू दे." पुढं कायम झाल्याचा कागद आला, तेव्हा तू महादेवाला नारळ फोडलास. "साहेब लई दयाळू माणूस. तुजी चूक नव्हती, त्येनं वळखलं." तेव्हाही मी गप्पच. त्यानंतर तू माझ्यासाठी सुई उचलली नाहीस. भावांचे सदरेही वर्षभरात शिंप्याकडं गेले. डोळ्याला दिसत न्हाय, असं तू सगळ्यांना सांगायचीस, आणि तांदळातला एकेक खडा मात्र बरोबर वेचायचीस.

हे मी नातसुनेला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. वहीतलं हे पान वहीतच राहील. मला शिंप्याचं पोलकं हवं होतं अव्वा, म्हणून मी गप्प बसले. दुसरं काही कारण नव्हतं. पण तू तरी कशी गं अशी? जन्मभर माझं एक ऐकलं नाहीस. चार बोटांचं नाही, खुंटीचं नाही, सोमवारचं नाही. मग त्या एका दिवशीच लगेच कसं ऐकलंस? जरा भांडायचं होतंस माझ्याशी. भांडली असतीस तर मी सांगून टाकलं असतं.