हिरव्या झग्याची पाठ

सोमवार, २४ सप्टेंबर २०१८
विस्कॉन्सिन

प्रिय कॉर्लिस,

तू बरी असशील, मांजराचा डोळाही आता निवळला असेल. इकडे मका कापणीला आलाय आणि माझा गुडघा नेहमीसारखाच कुरकुरतोय. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड.

आपल्या जुन्या राणीच्या काळच्या मेळ्याचे दोनच दिवस उरलेत, हा शनिवार-रविवार. परवा फाटकावर एक बाई पाठीला परीचे पंख आणि हातात टर्कीची तंगडी अशा थाटात आली आणि मला विचारते, माझा वेश कोणत्या शतकातला वाटतो? मी म्हटलं, कालचा. तू असतीस तर हसली असतीस. पाहुण्यांनी काहीही घालावं, आपण चकार शब्द काढत नाही. पण राणीच्या दरबारात उभं राहणाऱ्यांचे कपडे जुन्या रीतीने, हातानेच शिवलेले हवेत; तपासल्याशिवाय कुणाला आत सोडायचं नाही, आणि तपासणारी गेली अकरा वर्षं मी.

आता मुद्द्यावर येते. अर्धा तास टाळतेच आहे.

टेसला यंदा राणीचं काम मिळालं तेव्हा तिचा झगा मीच शिवणार हे मी धरूनच चालले होते. कापडही आणून ठेवलं होतं, कुणाला बोलले नाही. मग एका रविवारी जेवताना ती सहज म्हणाली, "आई, मी मावशीला सांगितलंय. तिच्याकडे मापं देताना ओरडा खावा लागत नाही." मी बटाटे वाढले. पोटची पोर तुझ्याकडे गेली, कॉर्लिस. त्या दिवसापासून मी तुझ्यावर जळत होते.

जुलैत तू टेसचा निळा झगा तपासायला आणलास. मी तो आतून बाहेरून तासभर चाचपला. बाह्यांच्या चुण्या, अस्तर, गळ्याची पट्टी, कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. मग पाठीवरच्या, दोरी ओवायच्या भोकांत धाग्याखाली काहीतरी कडक लागलं आणि मला बरंच वाटलं. मी लिहिलं, 'धाग्याखाली बुटांना असतात तशा दाबून बसवलेल्या पितळी कड्या. नामंजूर.' मेळ्याच्या समितीतल्या कुणी एक टाका उसवून बघितला नाही. 'आर्डिस म्हणतेय म्हणजे असणारच,' म्हणून माझ्या शब्दावर सोडून दिलं.

तू सगळ्यांसमोर शांतपणे म्हणालीस, "ताई, ही तारेची सुटी कडी आहे, हाताने धाग्यात गुंडाळलेली. जुन्या रीतीची. तूच शिकवलीस मला."

मी म्हटलं, "मला आठवत नाही."

तू झगा घडी घालून निघून गेलीस, त्यानंतर इकडे फिरकली नाहीस. टेसला राणीच्या कामासाठी दुसरा झगा नव्हता, म्हणून मी पूर्वी शिवलेला हिरवा काढला. फाटकाजवळच्या काचेच्या कपाटातला, 'प्रत्येक टाका हातचा' अशी पाटी असलेला. नवीन माणसांना आम्ही त्याच्यासमोर उभं करून सांगतो की काम असं हवं. टेस माझ्यापेक्षा खांद्यात रुंद. ऑगस्टमधल्या पहिल्या मिरवणुकीत दोरी इतकी आवळावी लागली की तंबूत परत आल्यावर तीन भोकांचा धागा तुटून लोंबत होता. खाली पिवळं चमकत होतं.

टेसने त्यावरून बोट फिरवलं. "मावशीच्या झग्यात हेच आहे असं लिहिलंस ना तू?"

खरं ते असं की हिरवा झगा शिवला त्या वर्षी माझं मनगट सुजलं होतं, आठवडा उरला होता आणि बेचाळीस भोकं बाकी होती. मी दुकानातल्या कड्या यंत्राने दाबल्या आणि वरून धागा चढवला. बक्षीस मिळालं, त्यावरच हे तपासणीचं काम मिळालं, आणि मग अकरा वर्षं मी यापेक्षा किरकोळ चुकांसाठी लोकांना परत पाठवत आले. माझं पाप मी तुझ्या नावावर लिहिलं. टेस कुणाला काही बोलली नाही. दर शुक्रवारी बसून त्या भोकांवर नवा धागा चढवते, माझी लाज झाकायला. ते मला बघवत नाही.

काल संध्याकाळी फाटक बंद झाल्यावर मी समितीला सगळं सांगितलं. त्यांच्यातल्या हार्लनने टोपी काढली, पुन्हा घातली आणि विचारलं, मग आता तपासणार कोण? मी तुझं नाव सांगितलं. काचेच्या कपाटावरची पाटी मीच उतरवली, चारही स्क्रू गंजले होते.

सोबत निळ्या झग्याची मंजुरीची फीत आहे. तिच्यावरची सही माझी शेवटची. शनिवारी दहाला मिरवणूक निघते, त्याआधी झगा घेऊन ये. पाठीची दोरी तूच आवळ, मी तंबूबाहेर थांबेन. माझं जळणं संपलंय असं समजू नकोस. तो झगा माझ्या कुठल्याही कामापेक्षा सरस आहे आणि ते मला अजून खपत नाही. पण टेसच्या अंगावर तो बघायचाय.

आईच्या स्वयंपाकघरात, खिडकीपाशी, तू सोळा वर्षांची. तार संपली होती, म्हणून मी कानातली रिंग काढून दिली आणि तू तिच्यावर पहिला धागा गुंडाळलास. मला आठवतं.

तुझी ताई,
आर्डिस