सिंधूचा कागद

९ ऑक्टो., नगर
अखेर चौघं एका टेबलाशी बसले! आमची संस्था, कारखाना, आरोग्य केंद्र, मुकादमांची संघटना. ठरलं असं: ऊसतोडीला जाणारी बाई गरोदर असेल तर तिच्या तपासणीचा कागद तिच्या आधी कारखान्यावरच्या नर्सकडे पोचवायचा. साधी गोष्ट. पण चार ठिकाणच्या लोकांनी एकमेकांना फोन करायचा, हेच इथे नवीन. समन्वयक मी. म्हणजे ना सही, ना शिक्का, चहा मात्र मी सांगायचा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, नाव 'साखळी'. खूश आहे आज.

१४ ऑक्टो.
पाथर्डीकडच्या एका गावात, तिथल्या आशाताई मंदासोबत. सिंधू. सातवा लागलाय. बीपी वाढलेलं, पायांवर सूज. मागच्या खेपेला फडातच बाळंत झाली, मूल राहिलं नाही. म्हटलं, बाई गं, यंदा नको जाऊस.
"मी न्हाई गेले तर कोयता अर्धा ऱ्हातो, ताई. अर्धा कोयता कोन नेतंय?"
कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मी म्हणाले, तू पोचायच्या आधी तुझा कागद पोचेल, नर्स तुला शोधत येईल, माझा शब्द. सासू शेजारी ज्वारी निवडत होती, तिनं मान वर करून बघितलं.

२३ ऑक्टो.
कारखान्याची यादी आली. कोयता क्रमांक, पुढे पुरुषाचं नाव. बाई एकही नाही. क्लार्कला फोन केला. "कोयत्यात आल्या की, मॅडम." अरे वा!
बायकांचा रकाना वाढवा म्हटलं. कारखाना म्हणतो, नावं मुकादमानं द्यावीत. मुकादम: "सायबांनी मागितली तर देतो की." आरोग्यवाले साहेब: नमुना वरून मंजूर होऊन यावा लागेल. नुसती टोलवाटोलवी, आणि नाही कुणीच म्हणत नाही. नाही म्हटलं तर भांडता तरी येतं.

२ नोव्हें.
टोळी परवाच गेली. मंदाला आज कळलं, मला मंदाकडून. सिंधूचं नाव, नवऱ्याचं नाव (संतोष), गाव, बीपी, सगळं ग्रुपवर टाकलं. नऊ अंगठे आले. नवऱ्याचा फोन बंद.

६ नोव्हें., श्रीगोंदा
कारखान्यावरची नर्स बिचारी बीपीचं मशीन घेऊन माझ्याआधी हजर. मजुरांच्या सगळ्या कोप्या, झोपडीन् झोपडी पालथी घातली. एक संतोष सापडला, तर तो आष्टीचा. बायको चाळिशीची, आम्ही पोट तपासायला आलोय म्हटल्यावर तोंडाला पदर लावून हसत सुटली. सिंधूची टोळी इथे आलीच नाही. "वळवली असंल दुसऱ्या कारखान्याला," एक गाडीवान म्हणाला. कुठल्या? क्लार्क म्हणतो, वळवली की आमच्या यादीतून जाते, पुढचं आम्हाला काय माहीत. त्या टोळीचा मुकादम फोन उचलत नाही.
परतताना एस.टी.त रडू आलं. कंडक्टरनं पाणी दिलं.

१९ नोव्हें.
आढावा बैठक. 'यशस्वी प्रयोग'. बऱ्याच बायकांचे कागद वेळेत पोचले, खोटं कशाला बोलू. मी म्हणाले, आणि सिंधू? "एखादी केस सुटते, मॅडम." मी टेबलावर हात आपटला, कप सांडला. इतिवृत्तात आलं: 'समन्वयकांनी भावना व्यक्त केल्या.' जळ्ळं मेलं ते इतिवृत्त.

१ डिसें.
आणखी चार कारखान्यांना फोन. ते आमच्या साखळीत नाहीत, यादी का द्यावी म्हणतात. त्यांचंही चुकत नाही. मुकादमाच्या घरी जाऊन आले, बायको म्हणते, ते फडावर. कुठल्या फडावर, तिलाही ठाऊक नाही. सिंधूचा आठवा संपत आला असेल. हातात फोन घेऊन बसते आणि कुणाला लावायचा तेच...

८ डिसें.
मंदाचा फोन. बोलता बोलता बोलून गेली, की सासू यंदा सिंधूला घरीच ठेवणार होती. तिच्या जागी लेकाबरोबर स्वतः जाणार होती, कोयता पुरा झाला असता. मग म्हणे, ताईनं शब्द दिलाय, तिथं नर्स हाय, इथं कोन हाय? म्हणून सुनेला पाठवली.
मंदा, आधी का नाही सांगितलंस? तर तिला वाटलं, मला माहीत असेल.
तेवढ्यात मंदाच्या शेजारी बसलेल्या सासूनंच फोन घेतला. "ताई, पोचला न्हवं कागद?"
मी हो म्हणाले.